जमिनीतला गारवा खोलीत घ्यायचा आहे. सवलत कुठं आणि कशी मिळते? (कोल्हापूर)

उत्तरेश्वर_पेठ

नमस्कार मंडळी. पन्हाळा रस्त्याला आमची वडिलोपार्जित जागा आहे, साडेअकरा गुंठे. तिथं बारा खोल्यांचं यात्री निवास बांधतोय, वरच्या मजल्यावर आम्ही राहणार. नकाशा मंजूर झालाय, पाया अजून काढलेला नाही. म्हणूनच आत्ता विचारतोय, नंतर विचारून उपयोग नाही.

जागेत आजोबांनी खोदलेली विहीर आहे. गेल्या जानेवारीत पहाटे मुलीचा शाळेतला थर्मामीटर घेऊन तिथं गेलो. बाहेर १४ अंश. घागरीला दगड बांधून तळापर्यंत सोडली, वर ओढून लगेच पारा बुडवला, तर २५. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पुन्हा तेच केलं. आंब्याच्या सावलीत ३८, घागरीत २६. बाहेर चोवीस अंशांचा फरक पडला आणि विहिरीचा तळ जेमतेम एक अंश सरकला. त्या दिवसापासून हे डोक्यात बसलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नेहमीचा एसी खोलीतली उष्णता गच्चीवरच्या ३८-४० अंशांच्या हवेत टाकतो. ग्राउंड सोर्स हीट पंप तीच उष्णता बोअरमध्ये सोडलेल्या बंद पाइपातल्या पाण्यातून २६-२७ अंशांच्या खडकात टाकतो. घागर एक जिना चढवायची की तीन, एवढाच फरक. चढ कमी म्हणून वीज कमी.

पुण्याच्या एका सल्लागारांनी आराखडा दिलाय: १२ टनांचा प्लांट, प्रत्येकी ३०० फुटांचे आठ बोअर. खर्च साध्या एसीच्या जवळपास अडीचपट. बँकेत गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोलर असतं तर लगेच करून दिलं असतं, याला आमच्याकडं रकानाच नाही."

तर आपल्याकडं याला अनुदान, करसवलत, कमी व्याज, जादा चटई (म्हणजे जास्त बांधकाम करायची परवानगी), काहीही मिळतं का? आणि मिळत नसेल तर कशावर मागायला हवं? मला हे खरंच करायचं आहे. अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

गंगावेस

बोअर कोरडी गेली तरी चालेल म्हणणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघतोय! दादा, तुमचा बोअर घेताना नारळ मी फोडणार.

बोअरगाडी

कोरडी चालंल, पण वली असली तर लई चांगली. पाणी असलेला दगड गरमी लवकर पसरवतो, कोरडा दगड धरून बसतोय. माझी सतरा वर्षं या धंद्यात गेल्यात. आपल्या भागात वर मुरूम, खाली काळा पाषाण, मधनंच तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो पट्टा लागला की बोअर ढासळायची भीती. तिथं केसिंग, म्हंजे बोअरची कड धरून ठेवणारा पाइप, खाली न्यावं लागतं आणि बिल वाढतं. आराखड्यात ते धरलंय का बघा.

दर म्हणाल तर मी फुटाला शंभर ते सव्वाशेनं मारतो, केसिंग वेगळं. आठ तिनशे म्हंजे चोवीसशे फूट. बोअरचे तीन लाखांच्या आत बसतील. मग अडीचपट खर्च जातोय कुठं, ते सल्लागाराला इचारा.

उत्तरेश्वर_पेठ

@बोअरगाडी दादा, हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोटेशन काढून बघितलं. बोअरिंग एकूण खर्चात लहान आकडा आहे. मोठा खर्च यंत्राचा, पाइपांचा, बोअरमध्ये भरायच्या बेंटोनाइट मातीचा आणि डिझाइनचा.

फ्रायबुर्गची_माई

मी मूळची शाहूपुरीची, आता बावीस वर्षं जर्मनीत. आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी तेलाचा बॉयलर काढून जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा पंप बसवला. आमच्याकडे उलटं झालं, बोअरचा खर्च पंपापेक्षा जास्त झाला. इथली मदत एकूण खर्चाच्या टक्क्यांत असते.

सध्याचं गणित असं: सरकारी केएफडब्ल्यू बँकेकडून मूळ अनुदान ३० टक्के. उष्णता जमिनीतून, पाण्यातून किंवा सांडपाण्यातून घेतली तर आणखी ५. जुना चालू बॉयलर वेळेआधी काढणाऱ्या घरमालकाला २०. घराचं करपात्र उत्पन्न वर्षाला ४०,००० युरोंपर्यंत असेल तर आणखी ३०. सगळं मिळून कमाल मर्यादा ७० टक्के, आणि एका घराचा खर्च ३०,००० युरोंपर्यंतच धरतात. म्हणजे जास्तीत जास्त २१,००० युरो हाती.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. हे पैसे जुन्या घरातली गरम करण्याची व्यवस्था बदलायला आहेत, नव्या बांधकामाला नाहीत. आणि अर्ज काम सुरू करायच्या आधी करावा लागतो. आमच्या शेजाऱ्यांनी आधी काम उरकलं आणि मग अर्ज केला. एक युरो मिळाला नाही. तुम्ही पायाआधी विचारताय हे फार बरं केलंत.

ओहायो_ते_इचलकरंजी

माईंनी जर्मनीचं सांगितलं, मी अमेरिकेचं सांगतो. मी २०२४ मध्ये बसवलं. घरमालकाला खर्चाच्या ३० टक्के आयकरात वजावट होती. रोख हातात येत नव्हती, भरायच्या करातून तेवढी रक्कम कमी व्हायची, आणि उरली तर पुढच्या वर्षी ओढता यायची. २०२२ च्या कायद्यानं ही सवलत २०३२ पर्यंत दिली होती. लोकांनी त्या भरवशावर बेत आखले. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा आला आणि घरांसाठीची सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. व्यापारी इमारतींची वेगळी करसवलत राहिली.

त्या शेवटच्या तीन महिन्यांत आमच्या भागातले बोअरवाले फोन उचलत नव्हते. माझ्या मित्रानं घाईत जो मिळाला त्याच्याकडून करून घेतलं. पाइपांचे सांधे नीट झाले नाहीत, आता पुन्हा अंगण उकरतोय. सवलतीच्या मुदतीनं कामाचा दर्जा कसा बिघडतो ते डोळ्यांनी बघितलं. दादा, सवलत मिळाली तर घ्या, पण ती नसताना गणित बसतंय का ते आधी बघा.

आजऱ्याची_लेक

लंडनला भाऊ आहे, त्याची भर घालते. इंग्लंड आणि वेल्समध्ये टक्केवारी नाही, सरळ ठरलेली रक्कम आहे: ७,५०० पौंड. ऑक्टोबर २०२३ पर्यंत जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाला ६,००० आणि बाहेरच्या हवेतून घेणाऱ्या, म्हणजे हवेवरच्या, पंपाला ५,००० होते, मग दोन्हींना सारखे केले. भाऊ म्हणतो, रक्कम सारखी झाल्यावर त्याच्या गल्लीत कोणी बोअरच्या वाटेला गेलं नाही, सगळ्यांनी हवेवरचा घेतला. ज्याला जास्त खोदावं लागतं त्याला जास्त दिलं नाही, तर लोक खोदणार नाहीत. साधी गोष्ट आहे.

नागाळा_पार्क

मी थोडा विरोध करतो, राग मानू नका. कोल्हापुरात एसी लागतो किती दिवस? मार्चच्या मध्यापासून मेअखेर. जूनला पाऊस लागला की पंखासुद्धा बंद. जर्मनीत सहा महिने घर तापवावं लागतं, म्हणून तिथं सरकारनं पैसे देणं समजू शकतो. इथं अडीच महिन्यांच्या गारव्यासाठी जनतेच्या पैशातून लॉजमालकाला मदत का द्यायची? तेच पैसे पत्र्याच्या घरांना पांढरा रंग, गच्चीवर चुना आणि पश्चिमेला झाडं यासाठी द्यावेत. उन्हाळ्यात पत्र्याखाली तान्हं बाळ घेऊन बसणाऱ्या बाईला काय मिळतं?

उत्तरेश्वर_पेठ

@नागाळा_पार्क काका, राग कसला, प्रश्न रास्त आहे. पत्र्याच्या घराला आधी मिळायला हवं, त्यात मला काडीचीही शंका नाही. माझ्या बांधकामातही पश्चिमेच्या भिंती पोकळीच्या घेतल्यात, सज्जे अडीच फुटांचे केलेत आणि आंबा वाचवायला जिना हलवलाय.

सायबर_चौक

काका म्हणतात ते निव्वळ गारव्याला लागू आहे, आणि या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच मुद्द्यात आहे. मी वातानुकूलनाच्या डिझाइनमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंड देशात जमिनीतून हिवाळ्यात उष्णता काढतात आणि उन्हाळ्यात परत भरतात. वर्षाची शिल्लक जुळते. आपण फक्त गारवा घेतला तर दर उन्हाळ्यात खडकात उष्णता भरत राहणार, काढणार कोणीच नाही. बोअर जवळजवळ असतील आणि पाणी वाहतं नसेल, तर काही वर्षांत त्या खडकाचं तापमान चढतं आणि पंपाची वीज वाढत जाते. म्हणून ज्या बंगल्यात फक्त तीन एसी आहेत, त्यानं कोल्हापुरात या भानगडीत पडू नये असंच मी सांगतो.

पण लॉज, हॉस्पिटल, वसतिगृह, डेअरी यांची गोष्ट वेगळी. तिथं गरम पाणी बारा महिने लागतं. बारा खोल्या, दिवसाला एक हजार लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायचं तर साध्या गिझरला सुमारे ३५ युनिट लागतात. हीट पंपाला, साडेतीनचा गुणांक (एक युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता) धरला तर, दहा. एप्रिलमध्ये खोलीतून काढलेली उष्णताच आंघोळीच्या पाण्यात जाते. जुलै ते फेब्रुवारी पंप खडकातून उष्णता काढून पाणी तापवतो, म्हणजे उन्हाळ्यात भरलेलं हिवाळ्यात रिकामं होतं. तुमच्या आराखड्यात गरम पाणी या पंपावर आहे का? नसेल तर तो आराखडा परत पाठवा.

उत्तरेश्वर_पेठ

नाही. गरम पाण्याला गच्चीवर सोलर दाखवलंय. उद्याच फोन करतो.

बोअरगाडी

इंजिनियर साहेब, एक सांगा. पावन्यांची विहीर हाय न्हवं? मग बोअर कशाला, पाइपाची वेटोळी विहिरीतच सोडा की.

सायबर_चौक

@बोअरगाडी चांगला प्रश्न विचारलात, जगात तसंही करतात. पण आकडा मांडून बघू. वीस फूट व्यासाची विहीर, त्यात पंचवीस फूट पाणी म्हणजे दोन लाख लिटरच्या आसपास. १२ टनांचा प्लांट दहा तास पूर्ण चालला तर कॉम्प्रेसरच्या उष्णतेसकट सव्वापाचशे युनिट उष्णता बाहेर पडते. झरे आटलेले असतील तर त्या पाण्याचं तापमान रोज दोन अंशांच्या वर चढेल. आठवड्यात विहीर अंगणाइतकी गरम. झरे जोराचे असतील तर चित्र बदलतं, पण एप्रिल-मे महिन्यातच झरे सगळ्यात अशक्त असतात. दोन खोल्यांना विहीर पुरेल, बारांना नाही.

गंगावेस

दोन लाख लिटर कोमट पाणी! आमच्या तालमीतली पोरं रोज पोहायला येतील.

हिशेबनीस

मूळ प्रश्न सवलतींचा होता, त्यावर येतो. मी सीए आहे, राजारामपुरीत बसतो.

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं. त्यात वीजनिर्मितीबरोबर थेट वापर आणि ग्राउंड सोर्स हीट पंप यांचाही समावेश आहे. हे मोठं पाऊल आहे, कारण त्याआधी या पंपाला सरकारी कागदात धड घरच नव्हतं. पण पीएम सूर्यघर योजनेत जसं ३ किलोवॉटला ७८,००० रुपये असं सरळ लिहिलंय, तसा इमारतीमागे ठरलेला आकडा या धोरणात नाही. तुमच्या बँकेतला रकाना त्यामुळंच रिकामा आहे.

आता जे खरंच वापरता येतं ते. आयकर नियमांच्या घसारा तक्त्यात (यंत्राच्या किमतीतला किती भाग दरवर्षी उत्पन्नातून वजा करता येतो त्याचा तक्ता) ऊर्जा वाचवणारी उपकरणं अशी यादी आहे, त्यात वाया जाणारी उष्णता परत मिळवणाऱ्या साधनांखाली 'हीट पंप' हा शब्द आहे. दर ४० टक्के. एके काळी हाच दर ८० होता. साध्या यंत्रसामग्रीला १५ टक्के. यात्री निवास हा व्यवसाय आहे, त्यामुळं हा फरक तुमच्या पहिल्या तीन वर्षांच्या करात दिसेल. मात्र यंत्राच्या बिलावर नुसतं 'एसी प्लांट' लिहून घेऊ नका. हीट पंप, उष्णता पुनर्प्राप्तीसह, असं स्पष्ट लिहून घ्या, गरम पाण्याची जोडणी नकाशात दाखवा, आणि तुमच्या सीएला विवरणपत्राआधी दाखवा. सायबर_चौक यांचा गरम पाण्याचा सल्ला तुम्ही मानलात तर हा दावा भक्कम होतो. वरची घराची जागा व्यवसायाची नाही, त्या भागाचा खर्च वेगळा काढा.

तुलनेसाठी एक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे ज्याच्याशी तुमची स्पर्धा आहे तो एसी स्वस्त झालाय.

सम्राटनगर_आर्किटेक्ट

हिशेबनीसांनी कराचं सांगितलं, मी चटईचं सांगते. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतीला मूळ चटईक्षेत्रावर जादा चटई आहे: 'गृह' या हरित इमारतींच्या मानांकनात तीन तारे असतील तर ३ टक्के, चार तारे ५, पाच तारे ७. आयजीबीसी या दुसऱ्या मानांकनाचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम हेही चालतं. नुसता पंप बसवून मानांकन मिळत नाही. पाणी, सांडपाणी, साहित्य, सावली सगळ्याचे गुण मोजतात, पण ऊर्जेच्या गुणांत पंप जोर देतो. पाया काढला नाही म्हणताय, तर सुधारित नकाशा टाकायला वेळ आहे. बारा खोल्यांच्या इमारतीत पाच टक्के म्हणजे जेमतेम एखादी खोली, आणि मानांकनाची फी वेगळी. ती खोली वर्षाला किती मिळवून देते त्यावर ठरवा.

आणखी एक पर्याय कोणी काढला नाही म्हणून लिहिते: जमिनीखालून हवेचा बोगदा. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या रिट्रीट इमारतीत तो आहे, चार मीटर खोलीवरून हवा खोल्यांत येते. कंप्रेसर नाही, फक्त पंखे. मी एका फार्महाऊसला तसा केला होता आणि माझी चूक झाली, ती सांगते म्हणजे दुसरा कोणी करणार नाही. पाइपाला उतार कमी दिला. पहिला उन्हाळा सुरेख गेला. जूनमध्ये दमट हवा गार पाइपात शिरली, भिंतींना पाणी सुटलं, ते साचलं आणि ऑगस्टमध्ये घरात ओल्या गोणपाटासारखा वास भरला. आपल्याकडच्या पावसात बोगद्याला चांगला उतार, शेवटी पाणी गोळा करायची टाकी आणि पावसाळ्यात बंद करायचं झाकण, या तिन्ही गोष्टी लागतातच.

आजऱ्याची_लेक

ताई, इतकं मोकळेपणानं लिहिलंत, मनापासून आभार. आमचं बांधकाम गवशाकडं चाललंय, तिथं पाऊस याच्या दुप्पट. बोगद्याचा बेत रद्द!

कोयनाकाठ

माझी भीती वेगळी आहे. १९६७ चा ११ डिसेंबर, कोयनेच्या भूकंपाचा दिवस, आमच्या घरात अजून काढतात. आजीनं पाळण्यातलं पोर उचलून पहाटेच्या अंधारात धाव घेतली होती. जमिनीत आठ-आठ भोकं पाडून पाणी फिरवायचं म्हणजे काही हलणार तर नाही ना?

सायबर_चौक

@कोयनाकाठ तुमची भीती समजते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलला भूकंपाचे धक्के बसले. तिथं पाच किलोमीटर खोल खडकात दाबानं पाणी घालून तो फोडत होते. इथं ३०० फूट, पाणी बंद पाइपात, खडकात थेंब जात नाही, दाब घरच्या नळाइतका. त्यानं भूकंप होत नाही.

फ्रायबुर्गची_माई

भूकंप नाही, पण वाईट बोअरनं गाव उखडतं, ते मी जवळून बघते. आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर श्टाउफन नावाचं देखणं गाव आहे. २००७ मध्ये तिथल्या जुन्या नगरपालिका इमारतीसाठी सात बोअर मारले, १४० मीटरपर्यंत. खाली ॲनहायड्राइट नावाच्या खनिजाचा थर होता. बोअरच्या कडेनं पाणी त्या थरात उतरलं, त्याचं जिप्सम झालं, आणि जिप्सम होताना ते फुगतं. गाव वर उचललं जायला लागलं, अडीचशेहून जास्त घरांना भेगा गेल्या. आजही भिंतींवर त्या दिसतात. त्यानंतर इथं बोअर भरून घ्यायचे नियम फार कडक झाले.

बोअरगाडी

माई, असला फुगणारा दगड आपल्याकडं न्हाई. काळा पाषाण पाण्यानं फुगत न्हाई. पण बोअर भरून घ्यायचा मुद्दा सोळा आणे खरा. वरचं घाण पाणी बोअरच्या कडेनं खाली उतरलं तर शेजाऱ्याची विहीर नासते. आमचे लोक पाइप सोडतात आणि वरनं खडी टाकून मोकळे होतात. दादा, बेंटोनाइट खालनं वर दाबून भरत्यात का न्हाई, ते उभं राहून बघा. त्यात कसर करू देऊ नका.

आणि अजून एक. भूजल कायद्यात साठ मीटरच्या वर खोल गेलं की खोल विहीर म्हणत्यात. तुमची तिनशे फुटं म्हंजे नव्वद मीटर. पाणी उपसणार न्हाई हे खरं, पण गाडी दारात आली की गावात चर्चा होतीच. भूजल सर्वेक्षणाच्या हापिसात आधी लेखी अर्ज द्या, बंद पाइपाचा नकाशा जोडा. मग आमालाबी टेन्शन न्हाई.

शिरोली_ओतकाम

विषय थोडा बाजूला नेतो. आमच्या फाउंड्रीत उष्णता शोधायला जमिनीत जावंच लागत नाही, भट्टीवरून रोज आकाशात जाते. बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, 'अदिती' योजना जुलै २०२५ मध्ये आली. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म-लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सूट. फाउंड्री त्या यादीत आहे. लॉज बसत नाही, पण ज्याचा कारखाना शिरोली-गोकुळ शिरगावला आहे त्यानं बघावी. मला या धाग्यासाठी त्यातली रीत आवडते: रोख देत नाहीत, कर्ज हलकं करतात.

वाशीची_डेअरीताई

मीही लिहू का? आमच्या गावच्या दूध संस्थेत बल्क कूलर आहे. दूध येतं अंगाच्या उबेचं, पस्तीस अंशांचं, ते चारवर न्यायचं. कूलरच्या मागं उभं राहिलं की गरम हवेचा झोत तोंडावर येतो. आणि त्याच खोलीच्या बाहेर आमची मावशी चुलीवर लाकडं घालून कॅन धुवायचं पाणी तापवत असायची. धुरानं तिचे डोळे कायम लाल. एका पोरानं कूलरच्या गॅसच्या नळीवर उष्णता काढायची टाकी बसवून दिली. आता कूलर चालू झाला की पाणी आपोआप तापतं. चूल बंद झाली. मावशीनं पहिल्या दिवशी नळाखाली हात धरला आणि तशीच उभी राहिली, पाच मिनिटं तरी. या कामाला एक रुपयाची सवलत नव्हती, संस्थेनं स्वतःच्या पैशातून केलं. सरकारनं द्यायचं असेल तर आधी अशा ठिकाणी द्यावं.

नागाळा_पार्क

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून माझं मत बदललं. गारवा आणि गरम पाणी जिथं एकाच छपराखाली लागतं, तिथं मदत द्यायला माझी हरकत नाही. फक्त गारव्याला मात्र अजूनही आहे.

एक जुनी आठवण, विषयाला लागून आहे म्हणून. २०१९ च्या पुरात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये भिंतीला टांगलेली एसीची सगळी बाहेरची युनिटं बुडाली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, ती ओलांडून पाणी कितीतरी वर गेलं होतं. २०२१ ला पुन्हा तेच. जमिनीत गाडलेल्या पाइपाला पुराचं काय! यंत्र तेवढं पहिल्या मजल्यावर ठेवा म्हणजे झालं.

उत्तरेश्वर_पेठ

आठ दिवसांनी परत आलोय. तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंय की मला सगळं छापून काढावं लागलं.

सल्लागारांना भेटलो. गरम पाणी पंपावर घ्यायचं ठरलं, गच्चीवर आता पाणी तापवायच्या सोलरऐवजी विजेचे पॅनेल येतील. गारव्याचा भार पुन्हा मोजला. पोकळीच्या भिंती आणि सज्जे धरले तर बाराऐवजी नऊ टन पुरतात, त्यामुळं आठाचे सहा बोअर झाले. म्हणजे सगळ्यात मोठी सवलत मला आंब्यानं आणि सज्ज्यानं दिली, नागाळा_पार्क काकांचं म्हणणं इथं शंभर टक्के खरं ठरलं. भूजल कार्यालयात अर्ज दिला, बंद पाइपाचा नकाशा जोडून. तिथल्या ताईंनी शांतपणे समजून घेतलं आणि पोच दिली.

बँकेत परत गेलो, या वेळी हिशेबनीसांचा घसारा आणि सायबर_चौक यांचं ३५ विरुद्ध १० युनिटांचं गणित घेऊन. साहेबांनी यंत्रसामग्रीचं कर्ज म्हणून प्रकरण घ्यायची तयारी दाखवली, सात वर्षांचं. माझा झगडा इथंच आहे. यंत्र पंधरा-वीस वर्षं टिकेल, पण बोअरमधला पाइप पन्नास वर्षं टिकतो. माझ्या नातवंडांच्या काळातही तो तिथंच असणार. त्याचं कर्ज सात वर्षांत फेडायला लावणं म्हणजे विहीर खोदणाऱ्याला एका पावसाळ्यात पैसे परत कर म्हणण्यासारखं आहे.

म्हणून मी एक निवेदन लिहितोय, पालकमंत्र्यांना आणि मनपा आयुक्तांना. रोख अनुदान मागत नाही. जमिनीत गाडलेल्या भागाला घरकर्जासारखी वीस वर्षांची मुदत मिळावी. पहिल्या चाचणी बोअरचा खर्च सरकारनं उचलावा, कारण खडक कसा निघेल ही जोखीम एकट्यानं घ्यायला लोक घाबरतात, आणि चाचणीचे आकडे सगळ्यांना खुले केले तर पुढच्याला फुकट उपयोग होईल. पुण्यात सोलर आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्याला मिळकतकरात जशी सूट आहे, तशी इथं गारवा-गरम पाणी जोडणाऱ्या इमारतीला मिळावी. आणि सुरुवात हॉस्पिटलं, वसतिगृहं, दूध संस्था यांच्यापासून करावी, लॉज मागून आला तरी चालेल. सही करणार असाल तर व्यक्तिगत निरोप टाका.

वाशीची_डेअरीताई

माझी सही पहिली. संस्थेचा ठरावही करून देते.

हिशेबनीस

वीस वर्षांच्या मुदतीचा मुद्दा फार नेमका आहे. बोअर आणि यंत्र यांची बिलं वेगळी घ्या, म्हणजे बँकेलाही ते वेगळं बघता येईल.

सायबर_चौक

चाचणी बोअर घेणार असाल तर औष्णिक चाचणी नक्की करा. बोअरमधून ठरलेल्या किलोवॉटचं गरम पाणी निदान ४८ तास सलग फिरवतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचं तापमान नोंदवतात. त्यावरून खडक उष्णता किती ओढतो ते कळतं. सहा बोअर लागतील की पाच पुरतील, ते तिथं ठरेल. वीज खंडित होऊ देऊ नका, जनरेटर उभा ठेवा.

बोअरगाडी

गाडी येत्या शनिवारी सकाळी आठला जागेवर. दर दहा फुटाला दगडाचा चुरा वेगळ्या पोत्यावर काढून ठेवतो, इंजिनियर साहेबांनी येऊन बघावा. या बोअरची मजुरी घेणार न्हाई, फक्त डिझेल द्या. आकडे सगळ्यांना खुले करणार म्हणालासा, ते तेवढं करा.

गंगावेस

नारळ आणि पेढे माझ्याकडून.

उत्तरेश्वर_पेठ

बोअरगाडी दादा, काय बोलू. शनिवारी सगळेच या, आंब्याखाली बसायची सोय करतो. मुलगी थर्मामीटर घेऊन सातलाच हजर असणार आहे. आकडे तीच वहीत लिहिणार, आणि रविवारी संध्याकाळपासून इथं टाकत जाणार.